शालनवहिनींची टर्बो

"आत्या, मम्मी गेली..." सकाळी दूध तापत ठेवलं होतं तेव्हा संदीपचा फोन आला. शालनवहिनी आता फार दिवस नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांनीही आडपडदा ठेवला नव्हता. तरी मी दुधाखालचा गॅस न विझवता तशीच उभी राहिले. आई गेलेल्या मुलाला धीराचे दोन शब्द द्यायचे, ते राहिलं बाजूला, माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते, "तिकोणा पेठेला कळवलं का?" मग तो म्हणाला, "आजीला कोण सांगणार, आत्या?" त्याला आता काही आठवडे लोटले. विहारात वहिनींच्या स्मृतीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोणावळ्याच्या घरातली येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ थांबली. आता कुठे वहिनींबद्दल मला सलग काही आठवू लागलं आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा लोणावळ्याला रेल्वेत होता आणि वहिनी तिकोणा पेठेच्या, गडाच्या पायथ्याला वाढलेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत जात होते. पहिल्याच दिवसापासून त्यांनी मला 'वन्सं' म्हणायला सुरुवात केली, आणि अहोजाहो करत करत त्याच माझ्या वेण्या इतक्या करकचून घालायच्या की डोळ्यांत पाणी यायचं. दादाने निवृत्त झाल्यावर एक जुनी डिझेलची गाडी घेतली. तिच्या मागच्या काचेखाली 'टर्बो' असं लिहिलेलं होतं म्हणून घरात तिचं नावच टर्बो पडलं. दादा गेल्यावर गाडी विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं. वहिनींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पन्नाशी उलटलेली असताना ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. लायसन मिळाल्यावर त्या दर पंधरा दिवसांनी एकट्या गाडी घेऊन आईला भेटायला पेठेला जाऊ लागल्या. कामशेतला वळायचं, पवनानगर मागे टाकायचं, धरणाच्या कडेकडेने जायचं. "गाडीला चढाचा दम लागत न्हाई वन्सं, माझाच जीव वरखाली हुतो," असं म्हणून हसायच्या.

त्यांच्या आईचं वय नव्वदीच्या घरात, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. गाडी पेठेच्या चढाला लागली की तिच्या इंजिनातून एक बारीक, लांबट शीळ निघायची. ती ऐकली की आई ओसरीवरून हाक मारायच्या, "ठेवा गं च्या, शाली आली." गाडी दारात येईपर्यंत आधण उकळायला लागलेलं असायचं.

मग वहिनींचं दुखणं निघालं. पोटातलं होतं, उशिरा कळलं. औषधांनी केस गेले, अंगावरचं मांस गेलं. मात्र पेठेला काही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. त्यांची थोरली बहीण ऐन तरुणपणी गेली होती. "आयनं एक लेक पोचवलीय वन्सं. दुसरीचं तिला जित्तेपणी ऐकवू नका," एवढंच त्या म्हणाल्या. फोनवर आवाज चढवून बोलायच्या, गुडघा दुखतोय म्हणून येत नाही असं सांगायच्या. शेवटी डॉक्टरांनी औषधं थांबवली, आता घरीच ठेवा म्हणाले. त्या संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, "एकदा पेठेला जाऊन यायचंय. टर्बो घिऊन."

पण टर्बो अंगणात बंद पडून होती. उभी राहून राहून बॅटरी उतरली असेल म्हणून संदीपने बॅटरी भरून आणली. गाडी सुरू झाली, पण समोरचा बॅटरीचा लाल दिवा काही विझेना. कोपऱ्यापर्यंत जाऊन येईतो दिवे मंदावले आणि गाडी दारात येऊन थंड झाली. रफिकभाई, म्हणजे दादाच्या वेळेपासून ही गाडी बघणारे मेकॅनिक, घरी आले. बॉनेट उघडून त्यांनी मीटर लावला आणि म्हणाले, "वहिनी, डायनामो गेला. अल्टरनेटर. गाडी चालताना बॅटरी भरतो तोच गेला, मग बॅटरी किती वेळ टिकणार? इतक्या जुन्या गाडीचा पार्ट लवकर मिळायचा नाही." संदीप म्हणाला, "मम्मी, मी माझ्या गाडीतून नेतो ना तुला. मागे झोपून चल." वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, पायांवर शाल. त्या म्हणाल्या, "तुझी गाडी दारात आली तर आय इचारल, शालीला कुणी आणली? का आणली? माझ्या गाडीचा आवाज आला, तर ती काय इचारत न्हाई."

रफिकभाईंनी पुण्याच्या जुन्या बाजारातून अल्टरनेटर आणला, तर त्याची पुली वेगळी निघाली, पट्टा बसेना. परत गेले, दुसरा आणला. तोवर वहिनींचं खाणं पेजेवर आलं होतं. मला धास्ती वाटायची की गाडी आधी उभी राहते की वहिनी आधी आडव्या होतात... दुसरा पार्ट आला त्या दिवशी मी तिथेच होते. वहिनींनी खुर्ची गाडीजवळ ठेवायला लावली. रफिकभाईंनी बॅटरीची तार सोडवली, पट्टा ढिला करून काढला. अल्टरनेटर खोल आत, आणि त्याच्या तोंडावरूनच इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा जाड रबरी पाइप गेलेला. तो काढल्याशिवाय हात जाईना. पाइप काढून त्यांनी उजेडात धरला. "बघा, हितं चीर गेलीय. गाडीची शीळ यायची ना, ती ह्या चिरेतून. नवीन टाकतो, आवाज एकदम बंद." वहिनी ताठ बसल्या. "न्हाई रफिकभाई. त्योच पाइप परत बसवा." "अहो, गाडी ओढणार नाही नीट." "वढल तेवढी वढल. शीळ ऱ्हायली पायजे." रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि त्यांनी तो पाइप पुसून बाजूला ठेवला.

जुना अल्टरनेटर निघाला. नवा बोल्टांवर चढला, पण त्याच्या पाठीमागे एक वायरचा प्लग दाबून बसवायचा होता आणि तिथे रफिकभाईंचा रुंद पंजा काही केल्या पोहोचेना. माझाही हात मनगटापाशी अडकला, सालटं निघाली. तेवढ्यात वहिनी शाल बाजूला सारून उठल्या. आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बांगडी वर सारली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. डोळे मिटून त्या आत चाचपत होत्या, ओठ दाबून धरलेले. 'टक्' असा आवाज झाला. हात बाहेर काढून त्यांनी तो आमच्यापुढे धरला, काळा झालेला, नुसती काडी. "बघा वन्सं, दुखण्याचा कायतरी उपेग झाला." त्या हसत होत्या. रफिकभाई गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि उगाचच पाने-पकडी गोळा करत बसले. पट्टा चढला, जुना पाइप बसला, गाडी सुरू झाली, आणि समोरचा लाल दिवा विझला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी निघालो. गाडी मला चालवता येते, पण त्यांनी चावी दिली नाही. पाठीमागे उशी घेऊन हळूहळू चालवत होत्या, कामशेतला कपाळावर घाम आला होता तरी थांबल्या नाहीत. पवनानगरच्या पुढे गाडी कडेला घेतली, डोक्याचा स्कार्फ काढून पदर नीट घेतला आणि पिशवीतून पावडरचा डबा काढला. मी म्हटलं, "अहो, आईंना दिसत नाही. पावडर कशाला?" "आयला न्हाई दिसत, भावजयीला दिसतं न्हवं." तोंडाला, गळ्याला, हातांनाही लावली. मग चढ लागला. त्यांनी गाडीला जोर दिला आणि शीळ वाजली... मला वाटतं त्या वाटेवर ती शीळ इतकी लांब मी कधी ऐकली नव्हती.

"शाली आली!" ओसरीवरून हाक आली. वहिनी आईच्या शेजारी जाऊन बसल्या. आईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, बोटं चाचपली, मनगट चाचपलं. "वाळलीस गं." "डाक्टरनं भात बंद केलाय, गुडघ्यासाठी," वहिनी चटकन म्हणाल्या. आई "व्हय का" म्हणाल्या आणि हात सोडला नाही. भाताची कापणी, शेजारची कुणाची सोयरीक, गडावर येणाऱ्या पोरांचा गोंधळ, असं बोलणं चालू राहिलं. आई बोलत होत्या आणि वहिनी ऐकत होत्या. निघताना आईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्रिसरण पुटपुटल्या. "बेगी बेगी येत जा" असं त्या नेहमी म्हणायच्या, त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. माझ्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

गाव नजरेआड झालं तशी वहिनींनी गाडी थांबवली आणि चावी माझ्या ओंजळीत ठेवली. "आता तुमी चालवा." बाजूच्या सीटवर डोकं टेकून त्या लोणावळ्यापर्यंत झोपल्या. त्यानंतर त्या अंथरुणावरून फारशा उठल्या नाहीत.

वहिनी गेल्यावर पेठेला सांगायला संदीप आणि मी गेलो, त्याच्या गाडीने. संदीपच्या मामांना फोनवर कळवलं होतं, पण आईला सांगायचा त्यांनाही धीर होत नव्हता, ते दारातच घुटमळत राहिले. आम्ही ओसरीवर बसलो. मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाल्या, "शाली गेली न्हवं?" संदीपने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. "आलती त्याच दिशी मला कळलं," त्या म्हणाल्या. "हाडं हाताला लागली. आन् पावडरीचा वास येत हुता. माझी शाली कवा पावडर लावती?" मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत, आई?" त्या नातवाच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. "मला कळू नये म्हनून एवढी गाडी हाकीत आली ती. मी कळलं म्हनले असते, तर तिनं कशासाठी केलं सारं?" मग पदर तोंडाला लावून त्या रडल्या, मोठ्याने, लहान पोरासारख्या. त्या दिवसापासून अडवून ठेवलेलं सगळं त्या रडल्या.

आता रविवारी विहारातली वंदना झाली की मी लोणावळ्याच्या घरी जाऊन येते. खिडक्या उघडते, गाडी थोडा वेळ चालू ठेवते. मागच्या दारी नळाला एक जुना मोजा बांधलेला आहे. साबण वाहून जाऊ नये, कावळ्याने नेऊ नये म्हणून वहिनी तो मोज्यात घालून ठेवायच्या आणि वरूनच हात चोळायच्या. आतला साबण झिजत झिजत नखाएवढा उरला आहे. नवी वडी मी केव्हाच आणून ठेवली आहे, घरात कपाटावर. मोज्याची गाठ अजून सोडवलेली नाही. नळ सोडते, मोजा तळहातात धरते... थोडा फेस अजून येतो.