आभार राहिले आहेत

दुखऱ्या दाढेचंही आधी प्रास्ताविक करून मगच डॉक्टरपुढे तोंड उघडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या आर्णीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. म्हणजे नोकरी अर्थशास्त्राची; जन्म मात्र सूत्रसंचालनासाठी झालेला. स्नेहसंमेलन असो, वृक्षारोपण असो, नाहीतर पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन असो, माईक त्यांच्याच हातात. एरवी ते आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलत. पण माईक हाती आला की आवाज खर्जात उतरे, 'मले'चं 'मला' होई आणि साध्या नारळाला ते श्रीफळ म्हणू लागत. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, प्रास्ताविक, मनोगतं, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी आभार, हा क्रम त्यांच्या लेखी ऋतूंइतका पक्का होता. "आभाराशिवाय कार्यक्रम संपत नसते, सर," असं ते मला बजावत. आभार नेहमी माझ्याकडे असत. मराठीचा प्राध्यापक असूनही मी माईकवर चार वाक्यांच्या पुढे टिकत नसे, आणि तोवर जेवणाची वेळ झालेली असल्यामुळे लोकांना माझा हा गुण फार आवडे.

अशा माणसाच्या हातातला माईक टाळेबंदीने एका दिवसात काढून घेतला. थोड्याच दिवसांत वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमी याईले समजवा जरा. सकाळपासून मले स्टेजवर बोलावून राह्यले." मागून खर्जातला आवाज येत होता, "यानंतर मी सौभाग्यवतींना विनंती करतो, की त्यांनी वरणाला फोडणी देऊन आजच्या भोजनाचं उद्घाटन करावं." "फोडणी करपली तुमच्या उद्घाटनापायी," असं म्हणून वहिनींनी फोन ठेवला.

मग वहिनींनी त्यांना किराणा आणायला पिटाळलं. दुकानासमोर चुन्याचे गोल आखले होते आणि कोणीच गोलात उभं राहत नव्हतं. बंदोबस्तावरचा पोलीस कर्ण्यावरून ओरडून थकला होता. आमच्या सरांनी त्याला म्हटलं, "साहेब, असे नाही ऐकत लोक. द्या इकडं." पोलिसानेही कंटाळून कर्णा दिला. त्यानंतर आर्णीच्या त्या रस्त्यावर जे झालं, ते मी पिशवी घेऊन शेवटच्या गोलातून पाहिलं. "आता मी गावातील ज्येष्ठ शेतकरी, पांढऱ्या टोपीतील काकांना विनंती करतो, की त्यांनी दुसऱ्या गोलातून पहिल्या गोलात पदार्पण करावं. टाळ्यांच्या गजरात त्यांचं स्वागत करू या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका संकोचून एक गोल पुढे सरकले आणि सवयीने हात जोडून उभे राहिले. रांग इतकी शिस्तीत चालली, की साखर घेऊन निघालेला एक जण "दोन शब्द बोलू का?" असं विचारू लागला.

पुढे कॉलेज मोबाइलवर भरू लागलं आणि सरांना पुन्हा सूर सापडला. मुलं रेंजसाठी कुठेकुठे चढून बसत. एक मुलगी तर उन्हाळी भुईमुगाच्या वावरातल्या माळ्यावरून हजेरी देई आणि मध्येच डुकरं हाकलून लावी. ऑनलाइन कार्यक्रमातही स्वागत सोडायला सर तयार नव्हते. प्रत्येकाने आपापल्या अंगणातलं फूल आणून स्वतःचं स्वागत स्वतः करून घ्यावं, असा तोडगा त्यांनी काढला. आमच्या प्राचार्यांना यवतमाळच्या फ्लॅटमध्ये फूल कुठून मिळणार? त्यांनी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी उजव्या हाताने डाव्या हातात दिली आणि किंचित वाकून स्वीकारली. सरांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. मग पलीकडून कोणीतरी जुडी निवडायला घेऊन गेलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण त्याच जूनमध्ये सर निवृत्त होणार होते. कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्रत्येकाचा निरोप त्यांनीच रंगवला होता. कितीतरी रुक्ष माणसांना त्यांनी 'व्यासंगी' ठरवून हळवं करून घरी पाठवलं होतं. एकदा गेटपाशी लांब उभे राहून ते मला म्हणाले, "सर, माह्या निरोपाचं काही होते का नाही? मोबाइलवर झाला तं होऊ द्या, पण पुरा झाला पाह्यजे. आभार तुमचे." मी घरी येऊन लिहायला बसलो. चार वाक्यांवर कधी न गेलेला मी, या वेळी दोन पानं भरली.

निरोपाच्या दिवशी पेच पडला, की सूत्रसंचालन करायचं कोणी? दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. शेवटी त्यांनीच केलं. खुर्चीच्या डाव्या बाजूला उभे असताना ते सूत्रसंचालक होते आणि खुर्चीत बसले की सत्कारमूर्ती. "आता मी सत्कारमूर्तींना विनंती करतो, की त्यांनी स्थानापन्न व्हावं," असं म्हणून ते बसले आणि लगेच उठून "धन्यवाद" म्हणाले. शाल प्राचार्य यवतमाळहून पांघरवणार आणि इकडे त्याच क्षणी वहिनी खांद्यावर टाकणार, असं ठरलं होतं. प्राचार्यांनी भावनेच्या भरात शाल थेट मोबाइलवरच पांघरवली. पडद्यावरच्या त्यांच्या चौकोनात अंधार झाला. अंधारातून प्राचार्यांचा आवाज आला, "पोचली का?"

"पोचली, सर," वहिनी म्हणाल्या.

मग सत्कारमूर्तींचं मनोगत. सर बसले. बोलेनात. आम्ही छोट्या छोट्या चौकोनांतून पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने ते उठून डाव्या बाजूला गेले आणि खर्जात म्हणाले, "सत्कारमूर्तींना शब्द सुचत नाहीयेत. आपण त्यांना थोडा अवधी देऊ या." आणि परत येऊन बसले. एवढ्या वर्षांत स्वतःबद्दल एक वाक्य बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. अखेर उठून त्यांनी आभारासाठी माझं नाव पुकारलं. मी पानं सरळ केली, तोंड उघडलं, आणि फुकटातल्या मीटिंगची वेळ संपून सगळेच गडप झाले.

पाच मिनिटांत फोन आला. "आभार राह्यले, सर."

"फोनवरच वाचून दाखवतो," मी म्हणालो.

"हट. फोनवर कायचे आभार? कॉलेज उघडलं का स्टेजवर माना. तोवर कार्यक्रम चालूच आहे समजा."

आणि ते खरोखर तसं समजत. वर्षभर जेव्हा भेटत, तेव्हा मास्कमधून म्हणत, "अल्प विश्रांती सुरू आहे. रसिकांनी जागा सोडू नये."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दवाखान्यातून थेट नेलं. मोजकीच माणसं होती आणि कोणी काही बोललं नाही. क्रम सांगायलाच कोणी नव्हतं.

कॉलेज उघडल्यावर सभागृहात शोकसभा झाली. फोटोला हार घालणं आधी, की मौन आधी, यावर स्टेजवर बरीच कुजबुज झाली. दोन्ही कसंबसं उरकलं. माझ्या खिशात ती दोन पानं होती. पण शोकसभेत आभार मानत नाहीत. हेही त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. माणसं उठून गेली. मी पहिल्या रांगेत बसून राहिलो.

साउंडवाले चाचा वायर गुंडाळत माझ्यापाशी आले. कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाला माईक त्यांचाच. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "हो गया ना, सर? मशीन काढू?"

मी स्टेजकडे पाहिलं. खुर्चीच्या डाव्या बाजूला माईक उभा होता.

"राहू द्या, चाचा," मी म्हणालो. "आभार व्हायचे आहेत."

चाचांनी हातातली वायर खाली ठेवली आणि ते शेजारच्या खुर्चीवर बसले.