तळाचा कप

त्याची कॉफी मला कधीच आवडली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. कप रिकामा करायचो, मान हलवायचो आणि "मस्त" म्हणायचो.

तो मात्र ती फार मनापासून करायचा. काचेच्या उभ्या भांड्यात भरड पूड, त्यावर गरम पाणी, वर जाळीचा दट्ट्या नुसता टेकवलेला. दट्ट्याच्या मुठीवर तळहात ठेवून तो बसून राहायचा, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. मी भांड्याकडे पाहिलं की म्हणायचा, "थांब की राव. घाई कशाला करायलास?"

चाकणच्या एका कंपनीत आम्ही दोघं होतो. मी स्टोअरला, तो क्वालिटीला. रहाटणीहून एकाच बसने जायचो. तो मूळचा लातूरकडचा. इकडे निम्मं आयुष्य गेलं तरी बोलणं तिकडचंच राहिलं. तपासायला आलेला पार्ट आधी उजेडाकडे धरायचा, मग कडेवरून अंगठा फिरवायचा. लाइनवरची पोरं म्हणायची, "भाऊ, चालेल की एवढं."

"चालेल म्हणजे? बसतंय का नाही ते बोल."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. समोर त्याचा धाक असतो आणि माघारी त्याची नक्कल होते. मीही केली आहे.

कॉफीची भानगड त्याच्या मुलीमुळे सुरू झाली. लग्न होऊन ती बंगळुरूला गेली आणि पहिल्या दिवाळीला बापासाठी ते भांडं घेऊन आली. त्याने ते कामासारखं अंगावर घेतलं. बिया मिक्सरमधून थांबून थांबून फिरवायचा, पूड चिमटीत चोळून बघायचा. जाड्या रव्यासारखी हवी. मैद्यासारखी निघाली की जाळीतून गाळ येतो, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं की माझं पाठ झालं.

सुट्टीच्या सकाळी मला बोलावणं असायचं. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "भावजी, आधी ते औषध घ्या, मग मी आल्याचा चहा टाकते."

"टाक, टाक," तो म्हणायचा. "तुला काय कळणार."

दट्ट्या सावकाश खाली दाबून झाला की तो आधी स्वतःच्या कपात थोडी ओतून घ्यायचा. चव बघायचा, डोळे मिटायचा. माझा कप मात्र तसाच रिकामा. "तुला नंतर. अजून उतरू दे. पाहुण्याला कडक द्यावं." चहाचं आपल्याकडे असंच असतं ना, घरच्यांना पांचट चालतो, पाहुण्याला मुरलेला लागतो. मग भांडं तिथेच राहायचं आणि तो गावाकडचं, कंपनीतलं काहीबाही सांगत बसायचा. शेवटी माझ्या कपात काळं, जीभ ओढून घेणारं काहीतरी पडायचं. चव कळू नये म्हणून मी ते एका दमात संपवायचो. त्याला वाटायचं, आवडली. उरलेलीही माझ्याच कपात ओतायचा.

"खरं सांग हां. तू मोजकं बोलतोस, म्हणून तुला विचारायलोय."

"मस्त."

कॉफी अशीच असते, असं मला वाटायचं. शिवाय त्याचा चेहरा असा व्हायचा की दुसरं काही तोंडातून निघायचं नाही.

पुढे कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली. तो पर्मनंट होता, हातपाय धड होते, त्याला कुणी जा म्हटलेलं नव्हतं. एका सकाळी दट्ट्यावर हात ठेवून म्हणाला, "माण गावात गाळा बघितलाय. आयटीची पोरं तिथूनच जातात. चहाच्या टपऱ्या ढीगभर, नुसत्या कॉफीचं कुणीच नाही. टाकू का?"

वहिनी गाळणी हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. "भावजी, पक्की नोकरी आहे. तुम्हीच बोला काय ते."

कप माझ्या हातात होता. तोंड कडू झालेलं होतं. सांगायचं एवढंच होतं की मला ही आवडत नाही.

"टाक," मी म्हणालो. "अशी कॉफी इकडे मिळते कुठे?"

एरवी एका शब्दात भागवणारा मी, त्या दिवशी अख्खं वाक्य बोललो.

गाळा नेटका होता. दोन बाकं, स्वच्छ फळी, मुलीने पाठवलेली आणखी भांडी. काम करायची पद्धत घरचीच. दट्ट्या दाबायचा, स्वतः घोटभर चाखायचा आणि भांडं भरलेलं ठेवायचा, गिऱ्हाइकाला कडक मिळावी म्हणून. मी एकदा बसलो असताना गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी आली. एक घोट घेतला आणि मोबाइल बघत बसली.

"कशी झालीय?" त्याने विचारलं.

"छान आहे काका."

ती गेल्यावर त्याने कप उचलला. निम्म्याहून जास्त भरलेला होता. त्याने तो उजेडाकडे धरला, हलवून पाहिला. "घाईत असतात बिचारी," म्हणाला आणि ओतून टाकला.

त्यानंतर मी जाणं कमी केलं. शिफ्टचं कारण द्यायचो. वर्षभरात गाळा बंद झाला.

राहतं घर भाड्याने देऊन ते लातूरला निघाले. सामान चढवायला मी गेलो होतो. त्याने टॉवेलात गुंडाळलेलं ते पहिलं भांडं माझ्या हातात दिलं. "हे तुला. तुझ्याशिवाय चव कुणाला आहे?"

टेंपोवर दोरी आवळणं चाललं होतं. वहिनी तिकडे बघतच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही होतात म्हणून मी हो म्हटलं होतं." आवाजात राग नव्हता. गाठ नीट बसते आहे का, हे त्या पाहत होत्या.

भांडं बरेच दिवस आमच्या कपाटावर पडून होतं. एकदा बायकोने काढलं. "वापरा तरी, नाहीतर कुणाला द्या." मी त्याच्यासारखीच पूड केली, तसाच हात ठेवून बसलो. तिला बाहेर जायचं होतं म्हणून दट्ट्या दाबल्याबरोबर तिचा कप भरून दिला. तेवढ्यात मला फोन आला आणि माझी भांड्यातच राहिली.

"अहो, चांगली आहे की ही," ती म्हणाली.

मी माझी ओतून घेतली. तीच जुनी, कडू, जीभ ओढणारी. मग तिच्या कपातला घोट घेतला. हलकी होती, स्वच्छ होती, मागाहून किंचित गोड लागत होती.

पूड तळाशी दाबली तरी असते पाण्यातच. जितका वेळ राहील तितका कडवटपणा सोडत राहते. दाबली की सगळीच्या सगळी ओतून घ्यायची, एवढंच होतं. तो स्वतः नेहमी पहिला कप प्यायचा. त्याची कॉफी खरोखरच चांगली होती. मी कधीही "कडू लागतेय राव" म्हटलं असतं, तर त्याने दोन्ही कप शेजारी ठेवून, उजेडाला धरून, एका सकाळीत खोट शोधून काढली असती. तीस वर्षं त्याने दुसरं केलंच काय होतं?

सणासुदीला त्याचा फोन येतो. हल्ली तो चहाच पितो.

"करतोस ना कॉफी?"

"करतो."

"कशी होते?"

"मस्त."

"घाई करू नको," तो म्हणतो, आणि वहिनींकडे फोन देतो. त्या मुलांची चौकशी करतात. मी मोजकी उत्तरं देतो.

त्याचं मी एक वाक्य देणं लागतो, की तुझी कॉफी मला कडू लागायची. वहिनींचंही एक आहे, की त्या सकाळी मी खोटं बोललो. दोन्ही अजून द्यायची आहेत.