झोपेतला हात

टेलरीणबाईंना एका जागी बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं, पण भिंगरी हे टोपणनाव मात्र त्यांच्या सात वर्षांच्या लेकीला मिळालं होतं. भिंगरी वर्गात दोन मिनिटं बाकावर टिकायची नाही, आणि रात्री झोपेत तिचा श्वास अडायचा. दोन वर्षांपूर्वी टॉन्सिल काढले तेव्हा सगळे म्हणाले, सुटलात! कसलं सुटलात? चार महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणायचा, "अगं, माझ्यावर गेलीय. मीही घोरतोच की." तो दिवसभर टेम्पो चालवायचा आणि अंथरुणाला पाठ लागली की संपलं.

शेवटी बाईंनी मोठं हॉस्पिटल गाठलं. तिथे अशा मुलांसाठी वेगळी टीमच होती. झोपेच्या डॉक्टरीणबाई, घशाचे सर्जन, दातांचे डॉक्टर आणि या सगळ्यांना धाकात ठेवणारी एक सिस्टर. पोरीच्या डोक्याला, छातीला वायरी लावून एक रात्र तपासणी झाली. बाई शेजारच्या खुर्चीत होत्या. आज रिपोर्ट मिळणार होता.

बाहेर बाकावर बाई बसल्या, उठल्या, परत बसल्या. पाय मशीनवर असल्यासारखा हलत होता. शेजारच्या अनोळखी माणसाच्या शर्टाचं लोंबतं बटण त्यांना बघवेना. त्या पर्समधून सुई काढणार तेवढ्यात आत बोलावलं, म्हणून तो वाचला.

"रिपोर्ट चांगला आलाय," सर्जन म्हणाले. "श्वास जवळजवळ अडतच नाही."

बाई खुर्चीतून उठल्याच. चांगला म्हणजे उपचार नाहीत. चांगला म्हणजे घरी जा आणि भोगा.

"अडतो हो! मी काय खोटं बोलतेय?"

"म्हणूनच सगळ्यांनी मिळून हे परत पाहिलं," डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर तपासणीच्या रात्रीचा व्हिडिओ होता.

भिंगरी उताणी झोपलेली. छाती हलायची थांबते न थांबते तोच कडेनं एक हात येतो आणि तिला कुशीवर वळवतो. थोड्या वेळानं पोरगी पुन्हा उताणी, पुन्हा तो हात.

"किती वेळा केलंत हे?" सिस्टरनं विचारलं.

"दोनतीनदा असेल."

"एक्केचाळीस वेळा. आणि आता खुर्चीकडे बघा."

खुर्चीत बाईंची मान मागे पडलेली, तोंड उघडं. चक्क गाढ झोपलेल्या. हात तेवढा जागा होता.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या दुखण्यासाठी दारोदार फिरल्या, ते त्यांनीच झाकून ठेवलं होतं.

"चूक आमची. खुर्ची लांब ठेवायला हवी होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासणी परत करू. यंत्रावर आमचा माणूस असतो, गरज पडली तर तो धावेल. पण सोबत तुम्ही नकोत. हात न लावणारं घरात कोणी आहे?"

"आहे ना! घर पडलं तरी न उठणारा आहे."

दुसऱ्या तपासणीला नवरा गेला. सकाळी बाई हॉस्पिटलच्या दारात येरझाऱ्या घालत होत्या. सिस्टर जाता जाता सांगून गेली, "सापडलं. आता झोपताना हवेचा मास्क लावायचा की जबड्याचं काही करायचं, ते टीम ठरवेल." मागून भिंगरीला घेऊन नवरा आला. त्याचे डोळे लालबुंद होते.

"तुम्ही झोपला नाहीत?"

"कसा झोपणार? वायरी लावल्या आणि तिचा श्वास पहिल्यांदा कान देऊन ऐकला. थांबला की मी दाराकडे बघायचो. तो यंत्रवाला हातानं खुणावायचा, थांबा. मी हात मांडीखाली दाबून सेकंद मोजत बसलो. एकदा एकोणतीसपर्यंत गेलो गं." त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "तू खरं सांगत होतीस."

हे एक वाक्य ऐकायला बाई किती वर्षं भांडल्या होत्या. वाटायचं, ऐकलं की जीव गार होईल. पण आता त्यांना ते नकोच होतं.

"एकोणतीसनंतर काय झालं?"

"घेतला ना श्वास. तिचा तिनं घेतला."

तिचा तिनं श्वास घेईपर्यंत बाईंनी आजवर कधी वाट पाहिलीच नव्हती. त्या पायरीवर मटकन बसल्या आणि लेकीला पोटाशी धरून हमसाहमशी रडल्या.