आत्याच्या खोलीचा आकडा

आत्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळे हॅलोबाई म्हणायचे. सगळी नोकरी तिने कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डाच्या भोकांत लाईन जोडायच्या कॉर्डी खुपसण्यात काढली आणि एवढ्या नोकरीत एकही राँग नंबर जोडला नाही. असं ती म्हणते. तपासायला आता ते एक्स्चेंजही नाही नि तो बोर्डही नाही, तेव्हा आपण मुकाट्याने ऐकून घ्यावं हे बरं. बोर्डावर दोन कॉर्डी एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की मात्र तिचं डोकं फिरायचं. शेजारच्या मुली घाईघाईत कशाही खुपसायच्या नि सगळा गुंता व्हायचा. हॅलोबाईंचा बोर्ड कसा, विंचरलेल्या केसांसारखा सरळ.

लग्न तिने केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. मजेत एकटी राहिली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा भाचा येऊन म्हणाला, "आत्या, आता पुरे झालं. चल घरी." भाचेसुनेने तर आधीच खोली रिकामी करून ठेवली होती. आत्या राहायला गेली, पण मनाशी एक गाठ बांधून गेली. आपला भार या घरावर पडू द्यायचा नाही. ज्या दिवशी पडेल त्या दिवशी बॅग उचलायची. खोलीत तिचं होतं तरी काय? एक दिवा, एक पंखा आणि फोनचा चार्जर.

आता भाचा. माणूस सोन्यासारखा, पण नवं यंत्र दिसलं की त्याला राहवत नाही. चाललेली पावलं मोजणारं घड्याळ त्याच्याकडे आहे, झोप मोजणारं आहे, आणि दोन्हींचं म्हणणं पटत नाही म्हणून तिसरं मागवलेलं आहे. त्याने एक दिवस विजेची डबी आणली. ही डबी मीटरच्या बोर्डात बसवायची, मग कुठल्या खोलीत किती वीज जाते ते फोनवर दिसतं. बिल वाढतंय, चोर घरातच आहे, तो पकडायचा, असं भाच्याचं म्हणणं.

वायरमन आला. हसतमुख माणूस, पण काम म्हणजे सगळा पसारा. त्याने मेन बंद करून बोर्डाचं झाकण काढलं. डबीतून बारीक वायरी निघाल्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एक चिमटा. चिमटा ज्या खोलीच्या वायरीला धरेल, त्या खोलीचा आकडा फोनवर. त्याने चिमटे लावले, भाच्याच्या फोनवर खोल्यांची नि गीझरची नावं भरून दिली, आणि झाकणाचा स्क्रू कुठे घरंगळला म्हणून खाली गाडीतून दुसरा आणायला गेला.

तेवढ्यात आत्या तिथून चालली होती. थांबली. दोन बारीक वायरी एकमेकींवर चढल्या होत्या, एक इकडून तिकडे नि दुसरी तिकडून इकडे. मेन बंदच होता. तिने दोन चिमटे काढले, प्रत्येक आपापल्या समोरच्याच वायरीला सरळ लावला, हात झटकले आणि स्वयंपाकघरात गेली. वाकडं पायपुसणं पायाने सरळ करावं तसंच ते. चहाचा पहिला घोट घेईपर्यंत ती विसरूनही गेली. वायरमन स्क्रू घेऊन आला, इकडेतिकडे न बघता झाकण लावलं, मेन चालू केला नि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने फोन दोनदा पाहिला. मग त्याने बायकोला दाखवला. मग दोघांनी आत्याच्या दाराकडे पाहिलं.

"आत्या," भाचेसून फार जपून म्हणाली, "तुम्ही खोलीत शेगडी वगैरे लावता का? थंडी वाजत असेल तर सांगा हं, आपण जाड पांघरूण आणू."

"शेगडी? मला उकडतंय," आत्या म्हणाली.

प्रकरण असं होतं की आख्ख्या घरातली निम्मी वीज आत्याची खोली खात होती. आणि गीझर? गीझर जेमतेम एका दिव्याएवढा. भाच्याला तर गगन ठेंगणं झालं. "बघ, मी म्हणत होतो ना, गरम पाण्याला काही फार लागत नाही," असं म्हणून त्याने गीझर दिवसभर चालू ठेवायला सुरुवात केली. आत्याच्या खोलीचा आकडा आणखी चढला.

कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही, हे खरं. पण आत्याच्या जिवाला लागायचं ते लागलं. तिने चार्जर काढून ठेवला. मग पंखा बंद केला आणि पेपराने वारा घेत बसली. मग दिवाही बंद. संध्याकाळी ती दारात खुर्ची टाकून पॅसेजच्या उजेडात वाचायची, आणि भाचेसुनेने विचारलं की सांगायची, "इथे बरं वाटतं." आकडा काही उतरेना. अंधारात, घामाने भिजून बसलेली बाई घरातली सगळ्यात उधळी ठरली होती. तिने पलंगाखालून बॅग काढली, घड्या करून कपडे भरले नि बॅग दारामागे ठेवली. रविवारी सांगायचं आणि निघायचं. लाज वाटत होती तिला, आणि नक्की कशाची ते कळत नव्हतं, याचा संताप येत होता.

रविवारी सकाळी त्या संतापानेच तिला वाचवलं. चालती लाईन सोडून ऑपरेटर कधी उठत नाही, तपासून मगच उठतो. एक्स्चेंजमध्ये दोन लाईनी मिसळल्या की हॅलोबाई एकेक तोडून कान देत असे. तिने खोलीतला दिवा नि पंखा मुद्दाम लावला आणि भाच्याचा फोन टेबलावरून उचलला. भाचा अंघोळीला गेला होता, आत त्याचं गाणं म्हणणं चालू होतं.

"सूनबाई, माझ्या खोलीचं बटण बोर्डावरूनच पाड," ती म्हणाली.

भाचेसुनेने पाडलं. आत्याच्या खोलीचा आकडा जागचा हलला नाही. उलट गीझरचा शून्य झाला, आणि गाणं तर चालूच होतं. भाचेसुनेच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आता गीझरचं पाड."

आत्याच्या खोलीचा आकडा धाडकन खाली आला. थोड्या वेळाने आतलं गाणं थांबलं.

"पाणी गार येतंय," आतून आवाज आला. "मला साबण लागलाय."

"लागू दे," भाचेसून म्हणाली.

वायरमनला बोलावलं. भाचा डोकं पुसत त्याच्यावर उखडला, की चिमटे उलटसुलट लावून ठेवलेस, आमच्या आत्याला फुकट बदनाम केलंस. वायरमनने झाकण काढलं, आत पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"साहेब, हे काम माझं नाही."

"मग कुणाचं?"

"ते मला माहीत नाही. पण इतकं सरळ मी जन्मात काही लावलेलं नाही. कुणालाही विचारा."

हे इतकं खरं होतं की भाच्याला ते मानावंच लागलं. आत्या बोर्डाजवळ आली. वायरी सगळ्या समांतर, एकही दुसरीवर चढलेली नाही. तिने तो आपला हात ओळखला. कानापर्यंत लाल झाली.

"राँग नंबर लागला होता," ती म्हणाली. "मीच जोडला."

वायरमन खो-खो हसला. भाचाही. भाचेसून मात्र हसली नाही, कारण झाडू घ्यायला ती आत्याच्या दारामागे गेली होती आणि बॅग हातात घेऊन उभी होती.

"एक दिवा नि एक पंखा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आत्या, खरोखर शेगडी लावली असतीत, तरी कोण जा म्हणालं असतं तुम्हाला? एवढ्यासाठी बॅग भरता?"

भाचेसुनेने बॅग पलंगावर पालथी केली नि कपडे पुन्हा कपाटात ठेवायला लागली, घड्या मोडून, कसेही, एकावर एक. आत्याचे हात शिवशिवले, पण तिने कपडे सरळ केले नाहीत.

संध्याकाळी सगळे बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसले होते. वायरमनने चिमटे पुन्हा आपल्या पद्धतीने, गुंता करून लावले होते. भाचा सवयीने फोन बघत होता.

"आत्या, तुझ्या खोलीत दिवा चालू राहिलाय. आणि पंखा पण."

आत्याने पाय वर घेऊन मांडी घातली.

"असू दे," ती म्हणाली.