पाहुण्यांचं अत्तर

पौषातला रविवार. हजर: आई, धाकटी बहीण सुमा आणि मी. काम: यादी करून बाबांचं कपाट रिकामं करणं.

शालींच्या घडीत हिन्याच्या अत्तराची कुपी निघाली. उबदार, गोड वास, थंडीतच खुलणारा. हिवाळ्यात आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातावर बाबा ते स्वतः लावत.

"मला कधी नाही लावलं," आई म्हणाली. "म्हणायचे, तुझे हात कणकेत."

सुमाने तिच्या हातावर कुपी टेकवली. "घे, आता लाव."

आईने दोनदा हुंगलं. "काही येत नाही गं. नाकच गेलंय माझं."

एवढी ऊब घरात होती आणि सगळी बैठकीतच संपली.

शाली वाटल्या, कोट दिले. यादीत कुपीपुढे अजून खूण नाही.