उभं राहून काढायचा फोटो

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती याच दवाखान्यात औषधांचं काउंटर सांभाळते, तरी नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही — बस, एवढंच.

मी हाडांचा डॉक्टर. चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेला माझा दवाखाना आहे. घोटा मोडला की आमचे लोक एकच विचारतात, पलस्तरात भागतंय ना? आता ते ठरतं कसं? बाहेरचं हाड मोडलेलं एक्स-रेच्या फोटोत दिसतंच. खरी गोम आतल्या बाजूला असते. तिथला हाडं धरून ठेवणारा बंध शाबूत असला तर पलस्तर पुरे. तुटला असला तर सांधा सरकतो, मग ऑपरेशन करून स्टीलची पट्टी-स्क्रू टाकल्याशिवाय इलाज नाही. शंका आली की पेशंटला त्या पायावर जरा भार देऊन उभं करायचं आणि दुसरा फोटो काढायचा. पाच मिनिटांचं काम हो!

सिंधूबाई नांदूरघाटाकडची, ऊसतोडीला जाणारी. दसरा झालेला, टोळीचा ट्रक दोन दिवसांत निघणार, आणि ही शेळीमागं पळताना बांधावरून घसरली. तोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पडली की कोयता अर्धा, मजुरी अर्धी. नवरा दारातच उभा होता, मुकादमाचा फोन कानाला लावून.

मी घोट्याची आतली बाजू दाबली. "आई गं, मेले!" — ती किंचाळली. तिथं काळंनिळं झालं होतं. मला कळलं. म्हणजे — शंका आली, आणि तेवढी पुरे होती.

तो दुसरा फोटो मी काढला नाही.

काहून? महिन्यापूर्वी एका पुढाऱ्याच्या भाच्याच्या घोट्यात मी पट्टी टाकली होती, तिच्यात पू झाला. पुढाऱ्यानं भर दवाखान्यात माझी आई-बहीण काढली. तेव्हापासून चाकू हातात घ्यायची धास्तीच बसली. लई घाबरलो होतो मी. फोटो काढला असता तर सांधा सरकलेला दिसला असता, आणि मग ऑपरेशन सांगावं लागलं असतं. बीडला धाडता आलं असतं की! पण मग लोक म्हणाले असते, याला जमत नाही. म्हणून बघितलंच नाही. पलस्तर घातलं. आठ दिवसांनी पुन्हा फोटो लागतो, तेही बोललो नाही. "जा, काही होत नाही," म्हणालो. नवऱ्यानं हात जोडले.

उन्हाळ्यात ती परत आली. पलस्तर तिकडंच, तोडीवर, कुणीतरी कापलं होतं. घोटा वाकडा, टम्म सुजलेला. सांधा सरकून पार घासून गेला होता, आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, असं कसं झालं?

आणि मी — हे सांगायलाच इतका वेळ घोळ घालतोय — मी म्हणालो, "हिनं पाय लवकर टेकवला."

"न्हाई हो सायेब," ती म्हणाली, "दीड महिना खोपीत बसून सरकत व्हते मी."

"मग डॉक्टर खोटं बोलतेत का?" नवरा खेकसला.

ती माझ्याकडं बघत राहिली. मी खाली मान घालून गोळ्या लिहीत होतो. मग ती पुटपुटली, "टेकवला आसंल. झोपंत."

झोपेत! माझं खोटं तिनंच पुरं करून दिलं. मला लाज वाटली का? वाटली. मी बोललो का? नाही.

याला सात वर्षं झाली. ती अजून तोडीला जाते. तोच पाय घेऊन, डोक्यावर मोळी, ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. दर साली निघायच्या आधी माझ्याकडं दुखण्याचं इंजेक्शन घेते.

परवा आली होती. बाकावर पलस्तर घातलेली कुणाची तरी नवी सून बसली होती. माझ्या खोलीचं दार उघडंच होतं. सिंधूबाई तिच्याजवळ सरकली, लुगडं जरा वर घेऊन आपला घोटा दाखवला आणि म्हणाली, "डॉक्टर सांगतेत तसं ऐक बाई. म्या ऐकलं न्हाई, बघ कसा झाला माजा पाय."

मग तिचा नंबर आला. मी इंजेक्शन भरलं.