नाटक थांबवून केलेला सत्कार

परवा लोणावळ्यात नाटकाला गेलो होतो. पडदा उघडण्याआधी कुणाचा तरी सत्कार झाला आणि पुढच्या रांगेत मला नव्या शालीचा, झेंडूच्या हाराचा तो वास आला. बऱ्याच वर्षांपूर्वीचं एक नाटक आठवलं.

कामशेतला, भाताच्या गिरणीमागच्या मांडवात, आमच्या मंडळाचं नाटक होतं. आईच्या कामासाठी पुण्याहून एक बाई आणल्या होत्या. मेलेल्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन त्या रडत होत्या आणि सगळा मांडव त्यांच्याबरोबर डोळे पुसत होता. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. मंडळाचे अध्यक्ष आबा माइक घेऊन सरळ स्टेजवर चढले.

"बाई, तुमी हाय तशाच बसा. पाचच मिन्टं."

पाचाची वीस झाली. शाल झाली, श्रीफळ झालं, लांबलचक भाषण झालं. पाहुण्यांनी विंगेत तंबाखूची पिचकारी मारली आणि गळ्यातला हार काढून त्या मेलेल्या मुलाच्या पायांवर टाकला. बाई मान खाली घालून बसून होत्या. गालावरचा रंग वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

पाहुणे उतरल्यावर आबा म्हणाले, "हां बाई, रडा आता."

मांडव खदखदून हसला. आणि बाई रडल्या.

इतकी वर्षं मी आबांना आणि त्या पाहुण्यांना शिव्या घालत आलो. पण किळस येते ती माझी. आबांच्या हातात शाल उलगडून देणारा मीच होतो, आणि त्या वाक्याला सगळ्यांत आधी हसलेलाही मीच.